साळूबाईचे कार्ड

जालना, सोमवार, ११ नोव्हेंबर १९३५

मागच्या वहीत पाच तारखेखाली मी लिहिले आहे, "आज राजूरकडची एक बाई पोटदुखीसाठी आली. तिचे म्हणणे कार्डावर जसेच्या तसे लिहून घेतले. औषध देऊन घरी पाठवले." यातले मधले वाक्य खरे नाही. वहीतले काही खोडायचे नाही असे मी ठरवले आहे, म्हणून दुरुस्ती या नव्या वहीच्या पहिल्या पानावर करते. नवी वही म्हणून नावही लिहिते. चतुरा, भुजंगराव यांची मुलगी, राहणार वडीगोद्री, वय एकोणीस, सध्या जालन्याच्या बायकांच्या दवाखान्यात शिकाऊ.

घडले ते असे. डॉक्टर सरोजिनीबाई त्या दिवशी एका अडलेल्या बाळंतिणीसाठी मंठ्याला गेल्या होत्या. दवाखान्यात मी आणि बद्रीनाथ कंपाउंडर एवढेच होतो. राजूरजवळच्या वाडीवरून साळूबाई नावाची तरुण सून, तिची सासू आणि सोबत आणखी एक बाई अशा तिघी बैलगाडीने आल्या. आमच्या कार्डावर दोन रकाने असतात. डावीकडे पेशंट बोलेल ते, त्याच्याच शब्दांत, मराठीत. ते मी लिहिते. उजवीकडे रोगाचे नाव, इंग्रजीत. ते फक्त डॉक्टरबाई लिहितात.

त्याच सकाळी मी 'गॅस्ट्र' म्हणजे जठर आणि 'अल्जिया' म्हणजे दुखणे असे दोन तुकडे शिकले होते. साळूबाईने पोटावर हात ठेवला आणि माझ्या डोक्यात ते दोन तुकडे आपणच एकमेकांना चिकटले. मी उजव्या रकान्यात लिहिले, गॅस्ट्रॅल्जिया. हा शब्द मला कोणी दिला नव्हता. तो मी केला होता. लिहिताना कान गरम झाले होते ते अजून आठवते. मग त्या शब्दाला शोभेल तेवढेच डावीकडे लिहिले, "पोट दुखते, वाताने." बद्रीनाथने उजवा रकाना वाचून वाताचे मिक्श्चर दिले.

आठ तारखेला साळूबाईला परत आणले तेव्हा तिचे ओठ पांढरे होते आणि नखेसुद्धा. बाईंनी तासाभरात पोट उघडले. बद्रीनाथने क्लोरोफॉर्म धरला, मी तबक धरले. आत रक्तच रक्त होते. बाईंनी त्यातून करंगळीएवढे काही तरी वर उचलले, बांधले, कापले आणि माझ्या तबकात ठेवले. ते एका जागी फाटले होते. साळूबाई वाचली. आज तिने पेज घेतली.

तर ते वाक्य खोटे होते. वात हा शब्द सासूचा. बाकीचे मी केलेले.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी साळूबाईचे कार्ड पाहिलेच नसेल. ऑपरेशनच्या घाईत नवीन कार्ड केले होते. जुने टेबलाच्या खणात आहे.

आज शिकवणी नेहमीसारखी झाली. बाईंकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात पुठ्ठ्याचे तुकडे. लाल रेघेचा तुकडा शब्दाचे डोके, काळ्या रेघेचा धड, निळ्या रेघेचा शेपूट. दुपारी पेशंट संपले की त्या मला पाच तुकडे काढून देतात. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नर्सेसचे तीन वर्षांचे शिक्षण असते. तिथे निवड व्हायची तर हे तुकडे यायला हवेत आणि "वर्षभर काम केले, कसूर नाही" असा बाईंचा दाखला हवा. दाखला दहा डिसेंबरच्या आत पाठवायचा आहे.

"हे शब्द पाठ करायचे नाहीत," बाई म्हणतात. "भुईमुगाच्या शेंगेसारखे फोडायचे."

आज 'डिस्' हे डोके निघाले. अर्थ वाईट, कठीण. बाई म्हणाल्या, "तुला दुष्काळ माहीत आहे ना? त्यातलं दुस् तेच हे." दुष्काळ मला अक्षरांच्या आधीपासून माहीत आहे. मग 'ऑस्टिऑन' निघाले, हाड. बाईंनी पाटीवर शेजारी लिहिले, अस्थी. आजोबांच्या अस्थी घेऊन आम्ही शहागडला गोदावरीवर गेलो होतो तेव्हा मी सात वर्षांची होते आणि गाडगे माझ्या मांडीवर होते. त्या गाडग्यात जे होते त्याला दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा एक वैद्य जवळपास त्याच नावाने हाक मारत होता.

पुढे आणखी दोन निघाले. गुडघ्यावरच्या हाडाचे लॅटिन नाव 'पटेला', म्हणजे लहानशी थाळी, वाटी. आमच्याकडे गुडघ्याची वाटीच म्हणतात! आणि डोळ्यातल्या काळ्या गोलाचे नाव 'प्युपिल', त्याचा मूळ अर्थ बाहुली. मी म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला खूश करायला सांगता." त्यांनी पुस्तक उघडून दाखवले.

आई दिवे लावताना माझ्या डोळ्यात बघून म्हणायची, बाहुली दिसते का बघू. देवीच्या आजारात माझा डावा डोळा गेला त्यानंतर ती उजव्यात बघायची. रोमच्या कुठल्याशा बाईनेही आपल्या लेकराच्या डोळ्यात वाकून पाहिले असेल आणि तिला तिथे तीच दिसली असेल. ती आमच्या गावाला आली नव्हती, आम्ही तिच्या गावाला गेलो नव्हतो. मी खोलीत येऊन आरशापुढे उभी राहिले. उजव्या डोळ्यात मी होते, तिळाएवढी. बराच वेळ हलले नाही.

बद्रीनाथला सांगितले तर तो बाटल्या धूत हसला. "आमच्या उस्तादांनी शिकवलं वरम-ए-गुर्दा. बाई म्हणतात नेफ्रायटिस. पेशंट म्हणतो, लघवीला साफ होत न्हाई. अन् मिक्श्चर तिघांचं एकच, पिवळ्या बाटलीतलं. तुम्ही काय डोळे पुसून राह्यल्या, डॉक्टरीण साहेबा?"

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज बाईंनी 'सॅल्पिंक्स' हे धड दिले. अर्थ तुतारी. त्यांनी पाटीवर गर्भाशय काढले आणि त्याच्या दोन बाजूंना दोन नळ्या, टोकाला पसरट. लग्नात वाजवतात ती तुतारी, अगदी तशी. आठ तारखेला माझ्या तबकात जे होते ते हेच. म्हणजे प्रत्येक बाईच्या पोटात दोन तुताऱ्या असतात आणि त्या वाजत नाहीत. माझ्याही. ते समजल्यापासून मी जपून चालते आहे.

मग त्यांनी अजून दोन तुकडे दिले. 'एक्' म्हणजे बाहेर, 'टोपोस' म्हणजे जागा. हे तुकडे यादीप्रमाणे जानेवारीत होते. डबा सांडून वरखाली झाला असावा. बाई म्हणाल्या, "जोडून आण. पण अर्थ पुस्तकी नको. घरातल्या बाया बोलतात तसा सांग."

साळूबाई संध्याकाळी उशीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "ताई, काय काढलं हो माझ्या पोटातून?"

सासू म्हणाली, "घाण काढली. तू गप पड."

"तुमाला न्हाई, ताईला इचारलं मी."

मी तिला पाटीवरचे चित्र हाताने हवेत काढून दाखवले. म्हणाले, एक नळी गेली, एक आहे. ती बोटाने स्वतःच्या पोटावर चित्र काढत राहिली, पट्टीच्या वरून.

रविवार, १७ नोव्हेंबर

अकरा तारखेच्या दुरुस्तीत दुरुस्ती.

दोन तुकडे पुढे ठेवून मी घरातल्या बाया कशा बोलतील ते मनात म्हणत होते. बाहेरच्या जागी. जागा सोडून. जागेवर नाही. इथे मी थांबले, कारण हे मी मनात केलेले नव्हते, हे मी ऐकलेले होते.

सोबत आणखी एक बाई होती असे मी लिहिले आहे. ती गोजरबाई, त्यांच्या वाडीची सुईण. वय साठीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी आमच्या बाईंनीच तिला महिनाभर शिकवून सरकारी बिल्ला मिळवून दिला होता. पाच तारखेला ती पायऱ्यांखाली उभी राहिली, वर आली नाही. तिथून ती म्हणाली, "ताई, पोरीला दिवस गेल्यात. पण गरभ जाग्यावर न्हाई. पिशवी रिकामी लागती अन् उजव्या अंगाला हात लावू देत न्हाई. डॉक्टरीणबाई येईस्तोर ठिवून घ्या तिला."

सासू म्हणाली, "हिचं काय ऐकता! शिळी भाकर खाल्ली म्हणून वात धरलाय."

मी "बरं, बरं" म्हणाले. आणि माझा शब्द लिहिला.

दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की दिवस गेलेल्या बाईचे पोट दुखत असेल तर तिला परत पाठवायचे नाही. ते अक्षर माझेच आहे, मीच चुन्यावर काढले. गोजरबाईचे एक वाक्य डाव्या रकान्यात गेले असते तर साळूबाई तीन दिवस आधी खाटेवर असती.

आणि तो शब्द. एक्टॉपिक. बाईंच्या जाड पुस्तकात त्याच्यावर अकरा पाने आहेत, चित्रांसहित. गोजरबाईने ती पाने पाहिली नाहीत, पाहिली तरी तिला वाचता येत नाही. ग्रीक माणसाने जे म्हटले तेच तिने पायरीखाली उभे राहून तीन शब्दांत म्हटले. तेरा तारखेला बाहुलीसाठी मी रडले. आज रडू येत नाही, नुसते अंगावर काटा येऊन राहतो.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बाईंना म्हणाले, "जागेवर नाही."

बाई म्हणाल्या, "बाया असं बोलतात?"

"हो."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले अजून काही विचारतील. मग बाहेर एक ताप आलेले मूल रडायला लागले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

भोकरदनच्या तहसील कचेरीतून कागद आला. उर्दूत होता, बद्रीनाथने वाचला. वाडीच्या पाटलांनी तक्रार केली आहे की सुईण गोजरबाईने साळूबाईचे पोट चोळून आत इजा केली आणि दिवस गेल्याचे दवाखान्यापासून लपवले. गोजरबाईचे म्हणणे, तिने दवाखान्यात सांगितले होते. तरी पाच तारखेच्या कार्डाची नक्कल पाठवावी. चौकशी होऊन बिल्ला ठेवायचा की काढायचा ते ठरेल. बाईंनी कागद घेतला, टेबलावर कागद दाबायच्या दगडी दाबणीखाली ठेवला आणि पेशंट पाहायला गेल्या.

दुपारी गोजरबाई स्वतः आली. साळूबाईसाठी डिंकाचे चार लाडू फडक्यात बांधून आणले होते. पायरीखाली उभी राहून पाणी मागितले. मी तांब्या नेऊन तिच्या ओंजळीत वरून घातले. पाणी पिऊन तिने तोंड पुसले.

"ताई, पाटील म्हणून राह्यलेत, म्या पोट फोडलं. तुमाला सांगितल्तं ना म्या?"

मी तांब्या खाली ठेवला.

"तुमी लिहून राह्यल्या व्हत्या. कागदावर आसंल ते. आता कागदच बोलंल माझ्याकडून."

मी म्हणाले, "बघते."

"बघा. तीस वरसं झाली ह्या हाताला. साळूचा नवरा रामकिसन, त्यो बी मीच काढला, पायाकडून आल्ता. त्याची माय तवा माझे पाय धरत व्हती, अन् आज म्हणती, हिला पोटातलं कळत न्हाई." ती हसली. दात दोनच आहेत. "जाग्यावर नसलेल्या गरभानं दोन बाया गेल्या माझ्यापुढं. एक तर माझी धाकली बहीण. म्हणून कळलं हो मला, न्हाई तर मला कोण शिकवणार? ही तिसरी वाचली, अन् मी चोर!"

"बिल्ला गेला तर?" मी विचारले.

"तर गावात बाळंतिणीला हात लावायचा न्हाई. हात न्हाई लावायचा तर खायाचं काय? अन् खायाचं ऱ्हाऊ द्या, आडल्या बाईकडं जायाचं कुणी?"

लाडू मी आत नेऊन दिले. कोणी आणले ते सासूपुढे सांगितले नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

कार्ड खणातून काढले. "पोट दुखते, वाताने." ओळीखाली चार बोटे जागा कोरी आहे.

बद्रीनाथ मागे उभा होता हे मला माहीत नव्हते. तो हळूच म्हणाला, "एक ओळ घाला. 'सोबतची सुईण सांगते, दिवस गेलेत, गर्भ जागेवर नाही.' शाई तीच, अक्षर तुमचं. म्हातारी सुटली, तुम्ही सुटल्या, मी पण सुटलो, बाटली मीच दिली होती. किस्सा खतम."

"पण ते मी पाच तारखेला लिहिलं नव्हतं."

"म्हातारी बोलली होती की न्हाई?"

"बोलली होती."

"मंग खोटं काय त्यात?"

 तो गेल्यावर मी टाक दौतीत बुडवला. गोजरबाई खरे बोलते आहे, आणि मी लिहीन तेही खरेच असेल. हैदराबादही राहील. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला आणि कार्डाशेजारी टेबलावर पडला. तो पदराने पुसला. डाग गेला नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

लिहिली नाही.

कारण मोठे नाही. ती ओळ मी सुंदर अक्षरात लिहिली असती, आणि वाचणाऱ्याला वाटले असते की त्या दिवशी या मुलीने म्हातारीचे नीट ऐकले. पाच तारखेच्या वहीत मी जे केले तेच पुन्हा झाले असते.

सतरा तारखेलाही एक चूक आहे. "पायऱ्यांखाली उभी राहिली, वर आली नाही" असे लिहिले आहे. वाचताना वाटते तिला यायचे नव्हते. मी ये म्हटले नाही. बाईंचा नियम आहे की सोबत आलेल्या प्रत्येकाला बाकावर बसवायचे आणि त्याचेही ऐकायचे. सासूला मी बसवले होते, पाणी भांड्यातून दिले होते. बाकावर अजून दोघींची जागा होती. गोजरबाई खाली उभी आहे हे मला दिसत होते आणि त्यात काही वेगळे आहे असे वाटले नव्हते. आमच्या गावातही ती तिथेच उभी राहिली असती.

याचे तुकडे कसे करायचे ते मला येत नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

साळूबाईला घरी सोडले. रामकिसन गाडी घेऊन आला होता. तो गाडीत गवत पसरत होता तेव्हा साळूबाई मला म्हणाली, "गोजराकाकूला म्हणा, घरी येऊ देईनात तर मी विहिरीवर भेटते. लाडू तिचेच व्हते. तिच्या हातचा डिंक मला कळतो."

तहसीलचा कागद अजून दाबणीखाली तसाच आहे. बाई इतर सगळी पत्रे त्याच दिवशी लिहितात. हा कागद त्या विसरल्या असाव्यात. आठवण करावी असे तीनदा मनात आले आणि तीनदा मी दुसरे काम काढले.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सांगितले.

बाई हात धूत होत्या. मी दाराशी उभी राहून पाठ केल्यासारखे सगळे सांगितले. उजवा रकाना, डावा रकाना, सुईणीचे वाक्य, पायरी, शाईचा डाग सुद्धा. बाई शेवटपर्यंत हात धूत राहिल्या. मग नळ बंद करून म्हणाल्या, "संपलं?"

"हो."

"मंठ्याला जाताना दवाखाना तुमच्या दोघांवर टाकून गेले, ते माझं. तेही लिहावं लागेल." हात पुसता पुसता त्या टेबलाशी गेल्या, तहसीलचा कागद दाबणीखालून काढला आणि टाक माझ्यापुढे ठेवला. "उत्तर तू लिही. कार्डाची नक्कल जशी आहे तशी. खाली तुझा मजकूर, वेगळा, आजच्या तारखेचा." कागद त्यांना वेळेवर आठवला हे बरे झाले.

मी लिहिले. त्यांनी वाचले. एक शब्दही बदलला नाही.

"बाई, एवढ्यावर गोजरबाई सुटेल?"

"त्यांच्या कागदाशेजारी तुझा कागद लागेल, एवढंच. पाटील समोर उभे राहून बोलणार, सासू बोलणार. तुझ्या बाजूनं कोण बोलणार?"

"माझ्या नाही, गोजरबाईच्या," मी म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनीच दाखल्याचा विषय काढला. "'कसूर नाही' असं आता मला लिहिता येणार नाही, चतुरा. झालं ते लिहीन. कसूर झाली आणि तिनं आपण होऊन सांगितली. घ्यायचं की नाही, ते हैदराबादवाले ठरवतील."

"बहुतेक घेणार नाहीत."

"बहुतेक," बाई म्हणाल्या. मग डबा उघडून त्यांनी रोजचे पाच तुकडे काढले. मला वाटले होते आजपासून ते बंद होईल. त्यांनी तुकडे टेबलावर मांडले. एक होता 'मस्क्युलस', म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून स्नायूला ते नाव. आपल्याकडे बेटकुळी म्हणतात. त्यांनी उंदीर पाहिला, आपण बेडकी. बाईंनी बाही सारून दंड आवळून दाखवला. ऑपरेशने करून त्यांची बेटकुळी चांगली टणक आहे. मला हसू आले आणि मग एकदम रडू आले. बाईंनी दोन्ही होऊ दिले.

रविवार, १ डिसेंबर

आबा कापूस घेऊन जिनिंगला आले होते, तिथून इकडे आले. डोक्याच्या पटक्यात सरकीचे तंतू. दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसून मी त्यांना सगळे सांगितले, चौकशीला भोकरदनला जाऊन स्वतः बोलणार आहे हेही. आबांना वाचता येत नाही, पण लेकीचे प्रत्येक पत्र ते मास्तरांकडून दोनदा वाचून घेतात.

"म्हणजे हैदराबाद गेलं?"

"बहुतेक."

"मी सगळ्या गावाला सांगितलंय. पाटलाला, किराण्यावाल्याला. मोटारवाल्याला तर तिकीट इचारून ठिवलं."

मी खाली पाहत होते. आबांनी तंबाखू मळली.

"त्या म्हातारीनं तुला खरं सांगितल्तं?"

"हो."

"अन् तू ते लिव्हलं न्हाई."

"नाही."

"का गं? तुला लिव्हता येत न्हाई असं तर न्हाई."

मी पायरीचे सांगितले. सगळ्यात शेवटी ते सांगितले, कारण आबांना ते कसे वाटेल ते मला कळत नव्हते. आमच्या दारातही पाणी वरूनच घालतात.  आबांच्या कपाळाला आठी पडली, ती माझ्यासाठी की दुसऱ्या कशासाठी ते ओळखू आले नाही. जायला निघाले तेव्हा म्हणाले, "माझी बैलं दमलीत. चार रोज इथं मामाकडं विसावा घेतील. मंग भोकरदनची वाट त्यांनी कवा पाह्यली न्हाई, पाहतील."

बुधवार, ४ डिसेंबर

तहसीलचे दुसरे पत्र आले. चौकशीची तारीख पडली. कागदावर निजाम सरकारचा फसली महिना आहे, बाईंनी पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही उघडून इंग्रजी तारीख काढली, मी पुन्हा मोजून पाहिली, आणि बद्रीनाथने तिसऱ्यांदा. शुक्रवारी कचेरीला सुट्टी, त्यामुळे शनिवार बरोबर आहे.

बद्रीनाथ दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आज आपणच म्हणाला, "बाटली मी दिली असं माझंही नाव सांगा. तुम्ही एकट्या काय मिरवता?" मग त्याने मला कचेरीतली रीत शिकवली. साहेबांपुढे मराठीत बोलले तरी चालते, पेशकार उर्दूत उतरवून घेतो आणि वाचून दाखवतो. वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. "अन् त्याला लांबलचक डॉक्टरी शब्द सांगू नका. तो खूश होऊन तेवढाच लिहील, म्हातारीचं राहून जाईल."

म्हणून मी ठरवले आहे की आधी गोजरबाईचे वाक्य सांगायचे, तिच्याच बोलीत, पिशवी आणि उजवे अंग यांसहित. ते उतरवून झाले की विचारायचे, वाचून दाखवा. मग माझे सांगायचे. साहेबांनी विचारलेच तर ग्रीक शब्द शेवटी. तो सांगताना मला आनंद होईल याची मला भीती वाटते. त्या शब्दाकडे पाहिले की अजूनही पाय जमिनीवर राहत नाहीत. आठ तारखेचे तबक, पुस्तकातली अकरा पाने आणि साठीच्या बाईचे हात एकाच गोष्टीपाशी येऊन पोचतात, ते मला कोणाला तरी ओरडून सांगावेसे वाटते. कचेरीत ओरडणार नाही.

वाडीवर बद्रीनाथच्या ओळखीच्या गाडीवानाकडून निरोप पाठवला होता. गोजरबाईचा उलट निरोप आला, "चालत जाईन, गाडी नको. ताईच्या गाडीत बसले तर पाटील म्हणंल, दोघींनी मिळून रचलं." मी पुन्हा निरोप धाडला, "गोजरबाई, पाटील काहीही म्हणोत. तुम्ही गाडीत बसा. वाट लांब आहे." यावर उत्तर अजून नाही. नाही आल्या तर मीही उतरून त्यांच्याबरोबर चालेन असे आबांना सांगितले आहे. आबा म्हणाले, "मंग बैलं कशाला जुंपतो मी?" पण जुंपणार आहेत.

हैदराबादचा दाखला बाईंनी आज टपालात टाकला. मला वाचायला दिला होता. मी वाचला नाही.

उद्या गुरुवारी जेवणानंतर जालन्याहून निघायचे, मुक्काम राजूरला. शुक्रवारी सकाळी वाडीवर जाऊन गोजरबाईंना घ्यायचे, संध्याकाळपर्यंत भोकरदन. शनिवार, ७ डिसेंबर १९३५, सकाळी अकरा वाजता मी तहसील कचेरीत जबानी देणार आहे.